स्थूलतेचा बाजार आणि आहाराचा विवेक

(राष्ट्रीय पोषण सप्ताहानिमित्त भरलेल्या शिक्षक-पालक मेळाव्यात एका माहिती अधिकाऱ्यांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



राष्ट्रीय पोषण सप्ताह आपल्या देशात १९८२ पासून दरवर्षी सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात पाळला जातो. ज्या काळी त्याचा आरंभ झाला, त्या काळी पोषणाचा प्रश्न म्हणजे भुकेचा प्रश्न, असे समीकरण सर्वांच्या मनात पक्के होते. आणि ते चुकीचेही नव्हते. १९७२ चा दुष्काळ जेमतेम दहा वर्षांमागे पडला होता. ज्यांनी तो दुष्काळ सोसला, ते आजही दुष्काळी कामावरची खडी, सुकडीसाठी लागणाऱ्या रांगा आणि परदेशातून आलेला तांबडा मिलो ह्यांच्या आठवणी सांगतात. माझे वडील त्या रांगेत उभे राहिलेले होते. ताटात अन्न टाकलेले त्यांना अखेरपर्यंत खपले नाही.

त्याच वडिलांच्या मुलाची, म्हणजे माझी, गेल्या वर्षी आरोग्य तपासणी झाली. डॉक्टरांनी कमरेभोवती फीत लावली, आकडा वाचला आणि शांतपणे सांगितले, "साहेब, पुरुषाची कंबर नव्वद सेंटीमीटरच्या आत असावी. आपण सात सेंटीमीटरने पुढे गेला आहात." सुकडीच्या रांगेपासून ह्या फितीपर्यंतचे अंतर आमच्या घराने अवघ्या एका पिढीत तोडले. ही प्रगती आहे की आणखी काही, ह्या प्रश्नाने मला बरेच दिवस अस्वस्थ केले. आज आपल्यापुढे जे चार विचार मांडणार आहे, त्यांचा उगम ह्या अस्वस्थतेत आहे.

आकडे काय सांगतात

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची चौथी फेरी २०१५-१६ मध्ये झाली आणि पाचवी २०१९-२१ मध्ये. ह्या अल्प काळात देशातील जादा वजनाच्या वा स्थूल स्त्रियांचे प्रमाण २०.६ टक्क्यांवरून २४ टक्क्यांवर आणि पुरुषांचे १८.९ टक्क्यांवरून २२.९ टक्क्यांवर गेले. पाच वर्षांखालील बालकांत जादा वजनाचे प्रमाण २.१ टक्क्यांवरून ३.४ टक्के झाले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीने मधुमेहाच्या रुग्णांची संख्या सुमारे १० कोटी १० लाख सांगितली. जगाचा विचार केला तर जागतिक आरोग्य संघटनेच्या मते २०२२ मध्ये एक अब्जाहून अधिक माणसे स्थूलतेने ग्रासलेली होती.

परंतु ह्या आकड्यांची दुसरी बाजू विसरून चालणार नाही. त्याच पाचव्या सर्वेक्षणाने पाच वर्षांखालील ३५.५ टक्के बालकांची उंची वयाच्या मानाने खुंटलेली असल्याचे आणि ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे नोंदविले आहे. म्हणजे कुपोषण गेले आणि त्याच्या जागी स्थूलता आली, असे घडलेले नाही. दोन्ही एकाच गावात, एकाच आळीत आणि पुष्कळदा एकाच छपराखाली नांदत आहेत. आई रक्तक्षयाने थकलेली, बाप मधुमेही आणि मूल बिस्किटांवर वाढणारे, असे घर शोधण्यासाठी आता शहरात जावे लागत नाही.

पुण्याजवळच्या सहा गावांचा धडा

हे असे का व्हावे, ह्याचे उत्तर शोधण्याच्या कामी महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील मातांचा आणि त्यांच्या अपत्यांचा अभ्यास आरंभिला. त्या गावांत जन्मलेल्या बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो भरले. इंग्लंडमधील साउथॅम्प्टन येथील बाळांचे ३.५ किलो होते. आपली बाळे बारीक होती, त्यांचे स्नायू कमी होते; मात्र त्वचेखालची चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती. बाहेरून कृश आणि आतून चरबीयुक्त, असे हे शरीर.

२००४ मध्ये 'लॅन्सेट' ह्या वैद्यकीय नियतकालिकात डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन ह्यांचे एक छायाचित्र शेजारी शेजारी प्रसिद्ध झाले. उंचीच्या प्रमाणात वजन सांगणारा निर्देशांक दोघांचाही अगदी सारखा, २२.३. शरीरातील चरबी मात्र युडकिन ह्यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के! वजनकाटा जे सांगत नाही, ते ह्या एका छायाचित्राने जगाला सांगितले. म्हणूनच भारतीयांसाठी कमरेचा घेर महत्त्वाचा मानला जातो. पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटीमीटर ही त्याची मर्यादा सांगितली जाते.

ह्याचा अर्थ असा की, कित्येक पिढ्यांच्या टंचाईत घडलेले, मिळेल तो कण साठवून ठेवणारे शरीर घेऊन आपण जन्माला आलो आहोत. आणि त्या शरीरापुढे आता स्वस्त साखरेचा, तेलाचा व मैद्याचा महापूर येऊन ठेपला आहे. युरोप-अमेरिकेतील माणसाला जो आहार दहा वर्षांनी बाधेल, तो आपल्याला अगोदरच बाधतो. अशा वेळी स्थूल व्यक्तीला आळशी अथवा खादाड म्हणून हिणवणे हे अज्ञानाचे आणि निष्ठुरतेचेही लक्षण आहे. वर्गात एखाद्या मुलाला त्याच्या देहावरून टोपणनाव पडत असेल, तर ते थांबविणे हे, शिक्षकहो, ह्या सप्ताहातील पहिले काम समजावे.

भूक वाढविणारे अन्न

"मनुष्याने जिभेवर ताबा ठेवावा, म्हणजे झाले," असे आपण सहज म्हणतो. ते किती खरे आहे, हे पाहण्यासाठी अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत डॉ. केविन हॉल ह्यांनी एक प्रयोग केला. तो २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. वीस प्रौढ व्यक्तींना संस्थेतच ठेवून दोन आठवडे कारखान्यात तयार झालेले अतिप्रक्रियायुक्त अन्न आणि दोन आठवडे साधे, घरगुती पद्धतीचे अन्न देण्यात आले. दोन्ही ताटांतील उष्मांक, साखर, चरबी, मीठ आणि तंतू ह्यांचे प्रमाण जुळविलेले होते. हवे तितके खावे, एवढीच सूचना होती. कारखान्याच्या अन्नावर त्याच माणसांनी दररोज सुमारे ५०० उष्मांक अधिक खाल्ले आणि दोन आठवड्यांत त्यांचे वजन सरासरी ०.९ किलोने वाढले; साध्या अन्नावर ते तितकेच उतरले.

माणसे तीच होती, त्यांचा निग्रहही तोच होता. बदलले होते ते अन्न. मऊ, चावावे न लागणारे, घास घशाखाली उतरण्यापूर्वीच दुसऱ्या घासाची ओढ लावणारे असे ते अन्न असते. गोड, खारट आणि तेलकट ह्यांचा नेमका कोणता मेळ साधला असता हात पुड्यातून बाहेर निघणार नाही, ह्यासाठी कंपन्यांच्या प्रयोगशाळांत तज्ज्ञ काम करीत असतात. बाजरीची भाकरी आणि पिठले खाऊन माणूस आपोआप थांबतो. वेफर्सचा पुडा मात्र संपल्यावरच थांबतो. त्यावर बाजरीचे चित्र छापले आणि बाजरीचे चार दाणे दळून घातले, तरी त्याचा स्वभाव पालटत नाही, हे भरडधान्याचा गौरव करताना आपण ध्यानी ठेवावयास हवे.

पुड्यांच्या माळा

आता ज्या व्यवसायात मी अर्धे आयुष्य घालविले, त्या प्रचाराविषयी थोडे बोलतो. लोकांच्या मनात एखादी गोष्ट रुजवावयाची कशी, हे शासनाच्या माहिती खात्यातील माणसाला शिकावे लागते. ते आम्ही शिकतो खरे. परंतु ह्या विद्येत आमच्यापेक्षा कितीतरी पुढे गेलेले लोक खाद्यपदार्थांच्या उद्योगात आहेत.

हे आजचे नाही. डालडा वनस्पती तूप १९३७ मध्ये भारतीय बाजारात आले. तूप म्हणजे गाई-म्हशीचे, असे मानणाऱ्या समाजाला कारखान्यातील तूप पटविणे सोपे नव्हते. परंतु चित्रपट, गाड्यांवरून फिरणारा प्रचार आणि प्रत्यक्ष चव देण्याचे कार्यक्रम ह्यांच्या बळावर ते स्वयंपाकघरात शिरले. अशा वनस्पती तुपातील ट्रान्स मेदाम्ले हृदयाला घातक असतात, हे पुढे कित्येक दशकांनी सिद्ध झाले. आणि तेल-तुपातील त्यांचे प्रमाण दोन टक्क्यांवर आणणारा नियम आपल्या देशात १ जानेवारी २०२२ पासून लागू झाला. प्रचाराला थोडी वर्षे पुरली. चूक दुरुस्त करावयास आठ दशके लागली.

आज गावातील कोणत्याही दुकानापुढे उभे राहा. दारावर पाच रुपयांच्या आणि दहा रुपयांच्या पुड्यांच्या माळा तोरणासारख्या लटकलेल्या दिसतील. ह्या किमती शाळकरी मुलाच्या खिशाला मोजून-मापून ठरविलेल्या असतात. ज्या खेड्यात पालेभाजी आठवड्याच्या बाजारालाच मिळते, तिथे हा पुडा बारा महिने, तेरा काळ हजर असतो. पूर्वी खाऊ म्हणजे आजीच्या हातचा शेंगदाण्याचा लाडू, गुळाचा खडा, मूठभर चुरमुरे. आता मुलाला 'खाऊ' म्हणताच त्याच्या डोळ्यांपुढे एक चकचकीत वेष्टन उभे राहते. एखाद्या शब्दाचा अर्थच पालटून टाकणे, ह्याहून मोठे यश प्रचाराला कोणते हवे?

मी स्वतःही ह्या प्रचाराला बळी पडलो आहे, हे येथे कबूल करतो. उंची वाढते, बुद्धी तल्लख होते, असे सांगणारी एक भुकटी माझ्या मुलीच्या दुधात मी कित्येक वर्षे श्रद्धेने घालीत होतो. एके दिवशी डब्यामागचा बारीक मजकूर भिंगातून वाचला, तेव्हा त्यात साखरेचा भाग किती मोठा आहे, हे उमगले. दुसऱ्यांना माहिती देणे हे ज्याचे काम, त्याने आपल्या घरातला डबा वाचला नव्हता! एप्रिल २०२४ मध्ये केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन विक्री करणाऱ्या संकेतस्थळांना अशी सर्व पेये 'हेल्थ ड्रिंक' ह्या सदरातून काढण्यास सांगितले, कारण अन्नसुरक्षेच्या कायद्यात अशा पेयाची व्याख्याच नाही. त्याच वर्षी जूनमध्ये भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने वेष्टनावरील 'शंभर टक्के फळांचा रस' हा दावाही काढून टाकण्याचा आदेश दिला.

विज्ञानाला लागलेली गोडी

प्रचार केवळ जाहिरातीतून होत असता, तर त्याला उत्तर देणे सोपे होते. परंतु तो कधी कधी विज्ञानाचा वेष धारण करून येतो. १९६५ मध्ये अमेरिकेतील साखर उद्योगाच्या एका संशोधन प्रतिष्ठानाने हार्वर्ड विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांना साडेसहा हजार डॉलर देऊन हृदयविकारावरील संशोधनाचा आढावा लिहून घेतला. तो १९६७ मध्ये एका अग्रगण्य वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. त्यात साखरेकडे रोखलेले बोट सौम्य करण्यात आले आणि दोषाचा भार चरबीवर टाकण्यात आला. पैसा कोणाचा, ह्याचा त्यात उल्लेख नव्हता; तसा उल्लेख करण्याची सक्तीही त्या काळी नव्हती. जुन्या पत्रव्यवहारातून ही हकीकत २०१६ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांनी उघडकीस आणली.

दुसरे उदाहरण अगदी अलीकडचे. लठ्ठपणाचे मूळ खाण्यात शोधण्यापेक्षा व्यायामाच्या अभावात शोधा, असा संदेश देणारी शास्त्रज्ञांची एक संघटना अमेरिकेत स्थापन झाली. तिला कोका-कोला कंपनीने अर्थसाहाय्य दिले असल्याचे ऑगस्ट २०१५ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'ने प्रसिद्ध केले आणि त्या वर्षअखेरीस ती संघटना गुंडाळली गेली. व्यायाम अत्यावश्यक आहे, ह्यात शंका नाही. परंतु हिशेब मांडून पाहा. पन्नास ग्रॅम वेफर्समध्ये सुमारे २७० उष्मांक असतात. ते खाण्यास पाच मिनिटे लागतात. खर्च करावयास जवळजवळ तासभर झपझप चालावे लागते. मैदाने बांधणे आणि शाळेच्या दारात पुडे विकणे ही दोन कामे एकदम चालू ठेवली, तर जिंकणार कोण, हे सांगावयास नको.

दुखणेही त्यांचेच, औषधही त्यांचेच

जिथे वजन वाढविण्याचा धंदा बरकतीला येतो, तिथे वजन उतरविण्याचा धंदाही मागोमाग येतो. आणि पुष्कळदा दोन्ही दुकाने एकाच मालकाची असतात. 'वेट वॉचर्स' ही वजन घटविण्याचे वर्ग चालविणारी संस्था १९६३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये एका गृहिणीच्या पुढाकाराने सुरू झाली. १९७८ मध्ये ती केचप-सॉस विकणाऱ्या हाइन्झ कंपनीने विकत घेतली. २००० साली युनिलिव्हरने वजन घटविणारे 'स्लिमफास्ट' घेतले आणि त्याच वर्षी 'बेन अँड जेरीज' ही आइस्क्रीमची कंपनीही घेतली. चॉकलेट विकणाऱ्या नेस्लेने २००६ मध्ये 'जेनी क्रेग' ही वजन घटविण्याची साखळी खरेदी केली. पुढे हे व्यवसाय पुन्हा विकलेही गेले. परंतु त्या व्यवहारांनी एक गोष्ट स्पष्ट केली. ग्राहक लठ्ठ होवो की बारीक, गल्ला एकच असू शकतो.

औषधांचा इतिहासही सावध करणारा आहे. वजन घटविणारी फेनफ्ल्युरामिन आणि डेक्सफेनफ्ल्युरामिन ही औषधे हृदयाच्या झडपांना इजा करीत असल्याचे आढळल्याने अमेरिकेत सप्टेंबर १९९७ मध्ये मागे घेण्यात आली. सिब्युट्रामिन २०१० मध्ये युरोप-अमेरिकेतून गेले आणि २०११ मध्ये भारतानेही त्यावर बंदी घातली. २०२५ मध्ये टिर्झेपॅटाइड आणि सेमाग्लुटाइड ही वजन घटविणारी नवी इंजेक्शने भारतीय बाजारात आली. ही औषधे परिणामकारक आहेत आणि काही रुग्णांना ती खरोखरच वरदान ठरू शकतात. परंतु ती तज्ज्ञ डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावयाची असतात. सेमाग्लुटाइडच्या एका चाचणीत, औषध थांबविल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनाचा सुमारे दोनतृतीयांश भाग परत आला, हेही घेणाऱ्याला ठाऊक असावे.

आणि गल्लोगल्ली ज्या जाहिराती झळकतात, 'पंधरा दिवसांत दहा किलो कमी', 'व्यायाम नको, पथ्य नको', त्यांना आपल्या भाषेने फार पूर्वीच उत्तर देऊन ठेवले आहे : पी हळद आणि हो गोरी! फार थोड्यांना माहीत आहे की, औषधे व जादुई उपाय ह्यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींना आळा घालणारा कायदा १९५४ पासून आपल्याकडे आहे आणि ज्या विकारांवर औषधाची हमी देणारी जाहिरात करण्यास त्या कायद्याने मनाई आहे, त्यांच्या यादीत स्थूलतेचाही समावेश आहे. अशी जाहिरात दिसली तर अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करता येते. फसवणूक झाली असल्यास १९१५ ह्या राष्ट्रीय ग्राहक मदत क्रमांकावर दाद मागता येते.

कायद्याचे बळ

काही देशांनी ह्या प्रश्नाला धैर्याने हात घातला आहे. दक्षिण अमेरिकेतील चिली ह्या देशाने जून २०१६ पासून साखर, मीठ, चरबी वा उष्मांक अधिक असलेल्या प्रत्येक पाकिटावर काळा अष्टकोनी इशारा छापणे सक्तीचे केले. असे पदार्थ शाळांतून हद्दपार झाले आणि मुलांना भुलविणारे कार्टून प्राणी वेष्टनांवरून उतरविण्यात आले. पुढील पाहणीत असे आढळले की, इशारा छापलेल्या गोड पेयांची खरेदी सुमारे २४ टक्क्यांनी घटली. ज्याला वाचता येत नाही, त्यालाही काळा अष्टकोन कळतो, हे त्याचे सामर्थ्य.

आपल्याकडेही काही पावले पडली आहेत. महाराष्ट्र शासनाने मे २०१७ मध्ये शाळांच्या उपाहारगृहांत अतिसाखर, अतिमीठ व अतिचरबीच्या पदार्थांना मनाई केली. भारतीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या विनियमांनी शाळेच्या आवारात आणि आवारापासून ५० मीटरच्या आत अशा पदार्थांची विक्री व जाहिरात निषिद्ध ठरविली. फसव्या जाहिरातींविषयीच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनी मुलांच्या कार्यक्रमांत वेफर्स आणि शीतपेये ह्यांच्या जाहिरातींना प्रतिबंध केला. वेष्टनाच्या दर्शनी भागावर तारे छापावेत, असा मसुदा २०२२ मध्येच पुढे आला. त्यावर अनेक तज्ज्ञांनी आक्षेप घेतला, कारण तारा हे शाबासकीचे चिन्ह आहे, इशाऱ्याचे नव्हे. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ह्या प्रश्नावरील शिफारशी तीन महिन्यांत पूर्ण करण्याची मुदत तज्ज्ञ समितीला घालून दिली. २२ सप्टेंबर २०२५ पासून शीतपेयांवरील वस्तू व सेवा कर ४० टक्के झाला. मात्र त्याच दिवसापासून बिस्किटे, फरसाण आणि चॉकलेट ह्यांवरील कर पाच टक्क्यांवर आल्याने हे पदार्थ स्वस्त होण्याचा मार्ग मोकळा झाला, हेही पालकांनी विसरू नये.

परंतु शाळेच्या फाटकापासून पन्नास मीटर म्हणजे साधारण पंचाहत्तर पावले. ती पावले मोजण्यासाठी मंत्रालयातून कोणी येणार नाही. ती शाळा व्यवस्थापन समितीने आणि ग्रामपंचायतीनेच मोजली पाहिजेत. दुकानदार हा आपलाच गाववाला असतो. त्याला शत्रू न मानता, दाराशी पुड्यांऐवजी केळी, भाजलेले शेंगदाणे, उकडलेली रताळी ठेवण्यास त्याला उत्तेजन द्यावे.

येथे एक शंका कोणी काढील : महाराष्ट्र हे उसाचे राज्य, साखरेविरुद्ध बोलणे म्हणजे आपल्याच शेतकऱ्याच्या पोटावर पाय देणे नव्हे काय? प्रवरेच्या काठी सहकारी साखर कारखाना उभा राहिला, तो शेतकऱ्याला सावकाराच्या आणि व्यापाऱ्याच्या पकडीतून सोडविण्यासाठी. त्या कार्याचे मोल कमी होत नाही. शिवाय उसापासून आता इथेनॉल होते, वीजही होते. शेतकऱ्याचा उदरनिर्वाह आणि त्याच्या नातवाचा मधुमेह ह्यांची गाठ बांधून ठेवण्याचे काहीच कारण नाही. सणाच्या दिवशीची पुरणपोळी कोणी हिरावून घेत नाही. प्रश्न आहे तो रोजच्या पुड्यात न सांगता शिरलेल्या साखरेचा.

आपण काय करावे

आता अगदी साधी चार कामे सांगतो.

पहिले, वाचावयास शिकवा. वेष्टनावरील घटकपदार्थ वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात. पहिल्या तिनांत साखर, ग्लुकोज सिरप, माल्टोडेक्स्ट्रिन वा पामतेल आले, की पुढचे चित्र पाहण्याची गरज नाही. 'प्रति सर्व्हिंग' हा आकडा फसवा असू शकतो, कारण ती सर्व्हिंग कधी दोन बिस्किटांची असते. शंभर ग्रॅमचा आकडा पाहावा. विज्ञानाच्या तासाला मुलांनी रिकामी वेष्टने आणावीत, साखरेचे ग्रॅम मोजावेत आणि तितकी साखर काचेच्या पेल्यात घालून टेबलावर ठेवावी. पाव लिटर शीतपेयात सुमारे २५ ग्रॅम म्हणजे पाच चमचे साखर असते. जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसाने दिवसभरात तेवढ्याच साखरेवर थांबावे, हे उत्तम मानते. हा पेला एकदा पाहिलेले मूल ते सहसा विसरणार नाही.

दुसरे, तेलाचा हिशेब ठेवा. माणशी वर्षाला बारा किलो तेल पुरेसे असल्याचे सांगितले जाते. देशात प्रत्यक्ष वापर एकोणीस किलोंच्या वर गेलेला आढळला. माणशी महिन्याला एक किलो, आणि त्यात बाहेरचे वडे-भजीही धरावयाचे, एवढे सूत्र गृहिणीने आणि, अर्थातच, गृहस्थानेही लक्षात ठेवावे.

तिसरे, साखरेच्या जागी कृत्रिम गोडी आणून समाधान मानू नका. वजन आटोक्यात ठेवण्यासाठी अशा पदार्थांवर विसंबू नये, असा सल्ला जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२३ मध्ये दिला आहे.

चौथे काम आम्हा अधिकाऱ्यांचे. ह्याच पोषण सप्ताहाच्या तयारीसाठी एक बैठक झाली. टेबलावर पोषणाची भित्तिपत्रके होती आणि त्यांच्या शेजारी क्रीमच्या बिस्किटांच्या बशा व दोन-दोन चमचे साखरेचा चहा. कोणालाही त्यात विसंगती वाटली नाही. मलाही वाटली नाही. मी दोन बिस्किटे खाल्ली आणि भित्तिपत्रकाचा मजकूर संमत केला. घरी परतताना मात्र लाज वाटली. त्यानंतरच्या बैठकीत मी भाजलेले फुटाणे, शेंगदाणे आणि बिनसाखरेचा चहा मागविला. काही सहकारी हसले. फुटाण्यांची बशी मात्र रिकामी झाली.

मित्रहो, वडील आज हयात असते, तर मी त्यांना विचारले असते की, भुकेच्या त्या दिवसांत तुम्हाला कशाची भीती वाटत होती? ते म्हणाले असते, उद्याच्या अन्नाची. आज माझ्या मुलीकडे पाहताना मलाही उद्याच्या अन्नाचीच भीती वाटते. कारण मात्र निराळे आहे. त्यांच्या पिढीने अन्न मिळविण्यासाठी रांगा लावल्या, कालवे खोदले, धरणे बांधली. आपल्या पिढीला अन्न निवडावयाचे आहे. ते काम त्या मानाने हलके आहे; फावडे उचलावे लागत नाही, वेष्टन उलटे करून पाहावे लागते. आज येथून परतताना आपल्या मुलाच्या दप्तरात एकवार डोकावून पाहा. जो पुडा सापडेल, तो त्याच्याबरोबर बसून मोठ्याने वाचा. पोषण सप्ताहाची खरी सुरुवात तिथून होईल.